नकाशाचा माथा

हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्यात साखरा नावाचे गाव आहे. या गावी एखादा वाटसरू आला आणि त्याने पुढच्या वस्तीची वाट विचारली, तर त्याला बहुधा असे उत्तर मिळते : ‘‘बापू, असेच सरळ जा. पुढे वड लागेल. तिथून डाव्या हाताला वळा.’’ वाटसरूला एवढे पुरते. परंतु त्याच गावच्या शेताचे खरेदीखत लिहावयाचे झाले, म्हणजे भाषा अगदी बदलते. तेथे शेताची चतुःसीमा लिहितात. पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस गाडीवाट, दक्षिणेस ओढा, उत्तरेस तमक्याचा बांध. खरेदीखतात डाव्या हाताला किंवा उजव्या हाताला थारा नसतो.

एकाच गावात दिशा सांगण्याच्या या दोन रीती का असाव्यात? कारण उघड आहे. डावे-उजवे हे माणसाबरोबर फिरते. माणूस मागे वळला, की मघाचे डावे ते आता उजवे होते. वाट चालणाऱ्याला हे सोयीचे असते, कारण त्याला आपल्या पुढच्या पावलापुरते पाहावयाचे असते. पूर्व-पश्चिम मात्र कोणासाठी वळत नाही. घेणारा कोणीकडेही तोंड करून उभा राहो, देणारा कोठेही बसो, ओढा दक्षिणेसच राहतो. जेथे अनेकांना एकच गोष्ट निःसंदिग्धपणे सांगावयाची असते, तेथे न फिरणाऱ्या दिशांचाच आधार घ्यावा लागतो.

दिशांची आपली नावे पाहिली, तर त्यांत या दोन्ही रीती एकत्र आलेल्या दिसतात. संस्कृतात ‘पूर्व’ म्हणजे पुढचा, ‘पश्चिम’ म्हणजे मागचा आणि ‘दक्षिण’ म्हणजे उजवा. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या माणसाने ही नावे दिली आहेत. त्याच्या समोर पूर्व आली, पाठीशी पश्चिम आली आणि उजव्या हाताला दक्षिण आली. देवाला उजव्या हाताला ठेवून फिरणे ती प्रदक्षिणा, हेही याच अर्थाने. आरंभी अंगावरून घेतलेली ही नावे पुढे सूर्याशी कायमची बांधली गेली आणि त्यांचे फिरणे थांबले.

नकाशाच्या बाबतीतही असाच प्रश्न उभा राहतो. कागदाला चार कडा असतात. त्यांपैकी कोणती दिशा वरच्या कडेला, म्हणजे नकाशाच्या माथ्यावर ठेवावयाची? शाळेतील नकाशात उत्तर दिशा वर असते, आणि ती इतकी अंगवळणी पडलेली असते, की उत्तर म्हणजेच ‘वर’ असे मुलांना वाटू लागते. परंतु हा निसर्गाचा नियम नव्हे. ती माणसांनी ठरवलेली रीत आहे. मध्ययुगातील युरोपात पूर्व दिशा माथ्यावर असलेले नकाशे काढीत असत. सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याच्यासाठी अल्-इद्रिसी या भूगोलज्ञाने ११५४ साली जगाचा जो प्रसिद्ध नकाशा पूर्ण केला, त्यात दक्षिण दिशा वर होती. त्या नकाशाला कोणी उलटा म्हणत नसे.

उत्तर वर ठेवण्याच्या रीतीमुळे होणारा घोटाळा वर्गातही पाहावयास मिळतो. समजा, हिंगोली जिल्ह्याचा नकाशा साखऱ्याच्या एखाद्या वर्गात दक्षिणेकडील भिंतीवर टांगला आहे. त्याच्याकडे पाहणाऱ्या मुलाचे तोंड दक्षिणेकडे असणार. साखऱ्याहून हिंगोली शहर स्थूलमानाने पूर्वेस आहे. म्हणून नकाशात ते साखऱ्याच्या उजव्या हाताला दिसेल. पण दक्षिणेकडे तोंड केलेल्या मुलाची पूर्व ही त्याच्या डाव्या हाताला असते. ‘‘हिंगोली कोणीकडे, हात करून दाखव,’’ असे त्याला म्हटले, तर पुष्कळदा तो उजवा हात करील आणि चुकेल. नकाशा खोटा नसतो आणि मूलही अडाणी नसते. नकाशाचे तोंड एकीकडे आणि पाहणाऱ्याचे दुसरीकडे, एवढेच झालेले असते. तोच नकाशा जमिनीवर पसरून त्याची उत्तर खऱ्या उत्तरेशी जुळवली, की घोटाळा नाहीसा होतो.

वर्गात हा घोटाळा झाला, तर फार तर मुले हसतात. आकाशात तो परवडत नाही. मोठे प्रवासी विमान ताशी सुमारे ८५० किलोमीटर वेगाने उडत असते. म्हणजे एका मिनिटात ते चौदा किलोमीटर अंतर मागे टाकते. बैलगाडी हाकणारा चौकात थांबून विचार करू शकतो. विमानाला आकाशात थांबता येत नाही. वैमानिकाला वळणे डावीकडे की उजवीकडे, याचा निर्णय चालता चालताच घ्यावा लागतो. म्हणूनच वैमानिकापुढील नकाशाचा माथा कोणता असावा, हा वरवर क्षुल्लक वाटणारा प्रश्न फार महत्त्वाचा ठरतो.

विमानविद्येच्या आरंभीच्या काळातील एक उदाहरण घेऊ. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी ‘पस मॉथ’ जातीचे एक लहान विमान टपालाच्या पिशव्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस आणले आणि ते जुहूच्या मैदानावर उतरवले. टाटांच्या नियमित टपाल-विमानसेवेचा तो आरंभ होता. विमानात रेडिओ नव्हता. त्या काळी वैमानिकाचा भरवसा होकायंत्र, घड्याळ, नकाशा आणि खाली दिसणारी नदी, रेल्वे व किनारा यांवरच असे.

अहमदाबादेहून मुंबईकडे येणारे विमान स्थूलमानाने दक्षिणेकडे जाते. या वाटेवर खंबायतचे आखात आणि पुढे अरबी समुद्र पश्चिमेस असतो. दक्षिणेकडे तोंड असलेल्या वैमानिकाला पश्चिम दिशा उजव्या हाताला येते; म्हणून खिडकीतून पाहता समुद्र उजवीकडे दिसतो. पण उत्तर माथ्यावर ठेवून तोच नकाशा मांडीवर धरला, तर कागदावर समुद्र वाटेच्या डावीकडे असतो. डोळे एक सांगतात, कागद दुसरे सांगतो, आणि मनाला दर वेळी कागद उलटा फिरवून पाहावे लागते. यावर त्या काळच्या वैमानिकांनी एक साधी तोड काढली होती. ते नकाशाच फिरवून धरीत. ज्या दिशेला जावयाचे ती दिशा वर केली, की कागदावरचा समुद्रही उजवीकडे येतो. मात्र या तोडीत एक अडचण होती. दक्षिणेकडे जाताना नकाशा उलटा धरला, म्हणजे त्यावरील गावांची नावेही उलटी होत आणि ती वाचताना मान वाकडी करावी लागे.

मनातल्या मनात चित्र फिरवण्यास खरोखरच वेळ लागतो, हे प्रयोगानेही सिद्ध झाले आहे. १९७१ साली रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना घनाकृतींची दोन-दोन चित्रे दाखवली आणि ती एकाच आकृतीची आहेत की निराळ्या, असे विचारले. एक आकृती दुसरीच्या मानाने जितकी अधिक फिरवलेली, तितका उत्तरास अधिक वेळ लागला. आणि हा वेळ फिरवलेल्या कोनाच्या प्रमाणात वाढत गेला. मन जणू ती आकृती हळूहळू फिरवूनच पाहत होते. नकाशा पाहणाऱ्याचेही असेच होते. उत्तरेकडे जाताना त्याला काहीच फिरवावे लागत नाही. पूर्वेकडे जाताना पाव वळसा फिरवावा लागतो आणि दक्षिणेकडे जाताना अर्धा वळसा. वादळात सापडलेल्या, थकलेल्या किंवा घाईत असलेल्या वैमानिकाच्या मनावर हे ओझे पडले, तर डाव्याचे उजवे होण्यास वेळ लागत नाही.

आजच्या प्रवासी विमानाच्या कॉकपिटमध्ये प्रत्येक वैमानिकापुढे एक प्रकाशमान पडदा असतो आणि त्यावर नकाशा उमटतो. विमानाचे चित्र पडद्याच्या खालच्या भागी असते, वाट त्याच्या समोर वरच्या बाजूस रेषेने दाखवलेली असते, आणि विमान वळले की त्याच्याभोवती नकाशा फिरतो. गावांची व विमानतळांची नावे मात्र सरळच राहतात. जुन्या वैमानिकाची मान वाकडी होण्याची अडचण अशा रीतीने दूर झाली आहे. या नकाशात जे उजवीकडे दिसते, ते खिडकीबाहेरही उजवीकडेच असते. वळण उजवीकडे दाखवले असेल, तर वैमानिकाने उजवीकडेच वळावयाचे. मनाला काहीही फिरवावे लागत नाही.

येथे आणखी एक बारकावा आहे. विमानाचे नाक ज्या दिशेला असते, त्याच दिशेला ते जाते असे नाही. पूर आलेली नदी ओलांडताना नावाडी नावेचे तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला ठेवतो, तेव्हा कोठे नाव समोरच्या घाटाला लागते. विमानाची नदी म्हणजे वारा. समजा, एक लहान विमान ताशी १६० किलोमीटर वेगाने, नाक नेमके दक्षिणेकडे ठेवून उडत आहे आणि पश्चिमेकडून ताशी ४० किलोमीटर वेगाचा वारा वाहत आहे. तासाभराने ते दक्षिणेस १६० किलोमीटर गेलेले असेलच, पण पूर्वेसही ४० किलोमीटर ढकलले गेलेले असेल. म्हणून नकाशाच्या माथ्यावर नाकाची दिशा ठेवावयाची, की जमिनीवरून पाहता विमान खरोखर ज्या वाटेने सरकत आहे ती दिशा ठेवावयाची, हेही ठरवावे लागते. काही विमानांत पहिली रीत असते, काहींत दुसरी. आपल्यापुढे कोणती रीत चालू आहे, हे वैमानिकाला नीट माहीत असावे लागते.

मग उत्तर वर ठेवणारा नकाशा विमानातून हद्दपार झाला काय? मुळीच नाही. पुढच्या वाटेचा नकाशा कितीही सोयीचा असला, तरी त्यात काही उणिवा आहेत. त्यात पुढचे पुष्कळ दिसते आणि मागचे थोडे. काही वेळा मागचे मुळीच दिसत नाही. समजा, एक विमान नागपूरहून मुंबईला निघाले आहे. छत्रपती संभाजीनगरच्या जवळपास आल्यावर पुढील हवामान एकाएकी बिघडले आणि दुसरीकडे उतरण्याचा प्रसंग आला. नांदेडचा विमानतळ आता विमानाच्या मागे, डाव्या अंगाला आहे. केवळ पुढचे दाखवणाऱ्या पडद्यावर तो दिसणारच नाही. अशा वेळी सगळा मुलूख एका दृष्टीत यावा लागतो. नागपूर कोठे, नांदेड कोठे, मुंबई कोठे आणि या सर्वांत आपण कोठे, हे कळावे लागते. उत्तर वर ठेवलेल्या नकाशातील महाराष्ट्राचा आकार आपण लहानपणापासून पाहिलेला असतो. तो ओळखीचा असल्याने त्यात हरवण्याचा संभव कमी. दर वळणाला फिरणाऱ्या नकाशात मात्र महाराष्ट्र कधी आडवा, तर कधी उलटा दिसतो आणि ओळखीचा प्रदेशही परका वाटू लागतो. म्हणूनच मोठ्या प्रवासी विमानांत नकाशाचा आणखी एक प्रकार ठेवलेला असतो. त्यात उत्तर कायम वर असते. उड्डाणापूर्वी सगळी वाट एकेका टप्प्याने तपासून पाहण्यास वैमानिक त्याचा उपयोग करतात.

दुसरे असे, की वैमानिक आकाशात एकटा नसतो. जमिनीवरील नियंत्रक त्याच्याशी बोलत असतो आणि आसपास इतरही विमाने असतात. त्या सर्वांची तोंडे निरनिराळ्या दिशांना असतात. तेथे नुसते ‘तुझ्या उजवीकडे’ म्हणून भागत नाही. म्हणून नियंत्रक विमानाला जी दिशा सांगतो ती होकायंत्राच्या अंशांत सांगतो : ९० अंश म्हणजे पूर्व, १८० म्हणजे दक्षिण, २७० म्हणजे पश्चिम, ३६० म्हणजे उत्तर. धावपट्ट्यांची नावेही अशीच पडली आहेत. ज्या धावपट्टीवर उतरताना विमानाचे तोंड ९० अंशांकडे असते, तिला ०९ म्हणतात. तिच्याच दुसऱ्या टोकाला २७ असा आकडा असतो. मुंबईच्या सांताक्रूझ येथील विमानतळाच्या मुख्य धावपट्टीला हेच दोन आकडे आहेत. साखऱ्याच्या खरेदीखतातील चतुःसीमा आणि आकाशातील ही भाषा यांमागील तत्त्व एकच आहे.

केवळ दिशा बरोबर असली म्हणजे सर्व काही बरोबर झाले, असेही नाही. ही गोष्ट मुंबईत दोन वेळा प्रत्ययास आली. सांताक्रूझच्या पश्चिमेस, तीन-चार किलोमीटरांवर, समुद्राजवळ जुहूचा जुना विमानतळ आहे. टाटा १९३२ साली जुहूलाच उतरले होते. जुहूच्या धावपट्टीचा आकडा ०८; म्हणजे तिची दिशा सांताक्रूझच्या ०९ या धावपट्टीच्या दिशेशी जवळजवळ जुळते. समुद्राकडून पूर्वेस येणाऱ्या विमानाला आधी जुहू लागते आणि मग सांताक्रूझ. दोन्ही ठिकाणी धावपट्टी समोरच दिसते. फरक एवढाच, की सांताक्रूझची मुख्य धावपट्टी आज तीन किलोमीटरांहून अधिक लांब आहे, तर जुहूची एक किलोमीटरहून थोडीशीच अधिक आहे.

१५ जुलै १९५३ रोजी सांताक्रूझला उतरावयाचे एक ब्रिटिश ‘कॉमेट’ जेट विमान चुकून जुहूला उतरले. सुदैवाने ते शाबूत राहिले आणि काही दिवसांनी त्या आखूड धावपट्टीवरूनच उडवून नेण्यात आले. पुढे २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअर लाइन्सच्या ‘डीसी-८’ विमानाच्या बाबतीत तीच चूक घडली. इतक्या मोठ्या विमानाला जुहूची धावपट्टी पुरली नाही. ते तिच्या टोकापलीकडे गेले आणि कायमचे निकामी झाले. काही जण जखमी झाले; प्राणहानी मात्र झाली नाही.

त्या विमानांत आजच्यासारखे नकाशाचे पडदे नव्हते. तेव्हा नकाशाचा माथा चुकल्यामुळे हे घडले, असे म्हणता येणार नाही. पण या घटनांतून एक गोष्ट स्पष्ट होते. समोर पाहिले, तर धावपट्टी होती. होकायंत्र पाहिले, तर दिशाही जवळजवळ बरोबर होती. चुकले होते ते ठिकाण. आणि ठिकाण हे केवळ ‘माझ्या पुढे काय आहे’ या प्रश्नाने कळत नाही. त्यासाठी ‘सर्व प्रदेशात मी कोठे आहे’ असे विचारावे लागते.

अशी चूक केवळ मुंबईतच झाली असे नाही. १९६० साली लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरावयाचे एक अमेरिकन ‘बोइंग ७०७’ विमान शेजारच्या नॉर्थोल्ट या विमानतळावर उतरले. दोन्ही विमानतळांच्या वाटेवर गॅसच्या प्रचंड टाक्या होत्या आणि वरून त्या सारख्याच दिसत. म्हणून त्या टाक्यांवर, कोणती टाकी कोणत्या विमानतळाच्या वाटेवर आहे हे कळावे अशी, मोठाली अक्षरे रंगवण्यात आली. वैमानिक कोणत्याही दिशेने आला, तरी टाकीवरचे अक्षर बदलत नव्हते.

यावरून नकाशाचा माथा कोणता असावा, या प्रश्नाचे एकच एक उत्तर नाही, हे ध्यानात येईल. ‘आता कोणत्या बाजूला वळू?’ असा प्रश्न असेल, तर पुढची वाट वर ठेवणारा नकाशा हवा. ‘मी कोठे आहे आणि माझ्या सभोवती काय आहे?’ असा प्रश्न असेल, किंवा दुसऱ्याला ठिकाण सांगावयाचे असेल, तर उत्तर वर ठेवणारा नकाशा हवा. सुज्ञ वैमानिक एकावर विसंबून दुसऱ्याला विसरत नाही. तो वळतो पहिल्या नकाशाने आणि पडताळा घेतो दुसऱ्याने. विमान बांधणारे कारागीरही हे ओळखून दोन्ही नकाशांची गाठ घालून देतात. फिरत्या नकाशाच्या कडेने ते होकायंत्राचे आकडे दाखवतात, म्हणजे उत्तर कोणीकडे गेली हे कळते. आणि स्थिर नकाशावर विमानाचे छोटे चित्र काढतात, म्हणजे त्याचे नाक कोणीकडे आहे हे कळते.

आज ही निवड केवळ वैमानिकाचीच राहिलेली नाही. मोबाइलमधील नकाशातही होकायंत्राचे लहानसे चिन्ह असते. एका रीतीत उत्तर वर राहते, दुसऱ्या रीतीत चालणाऱ्याची वाट वर येते. अनोळखी शहराच्या गल्लीबोळांतून जाताना दुसरी रीत उपयोगी पडते. पण केवळ तिच्या सांगण्यावरून डावे-उजवे वळत गेलेल्या माणसाला, वाटेत मोबाइल बंद पडला, तर आपण गावाच्या कोणत्या अंगाला आलो आहोत हेही सांगता येत नाही. निघण्यापूर्वी ज्याने उत्तर वर ठेवून सगळी वाट एकदा पाहिलेली असते, तो सूर्याकडे बघून आपले ठिकाण ताडू शकतो.

याचा अनुभव घेण्यास विमानात बसण्याची जरुरी नाही. घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेचे दोन नकाशे काढावेत. एकात उत्तर माथ्यावर ठेवावी. दुसऱ्यात शाळा माथ्यावर ठेवावी. दुसरा हाती घेऊन शाळेस जावे आणि तोच हाती घेऊन घरी परतून पाहावे. परतताना तो किती वेळा उलटा धरावासा वाटतो, ते मोजावे. नंतर पहिल्या नकाशाने तीच वाट चालून पाहावी. कोणता नकाशा कोठे उपयोगी पडला आणि कोठे त्याने घोटाळ्यात टाकले, हे लिहून काढले, म्हणजे वैमानिकापुढील निवड किती खरी आहे, हे साखऱ्याच्या पायवाटेवरही समजून येईल.